चुन्याची खूण

बटलरभाऊ पाणीसुद्धा आधी हुंगत आणि मगच पीत. पितळी पेला ओठांपर्यंत न्यायचा, तिथेच थांबवायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि निकाल द्यायचा: "खालच्या हिरीचं हाय. आज पाला पडला तिच्यात." पहिले काही दिवस मला हे सगळं सोंग वाटलं. म्हणून एका सकाळी मी दोन विहिरींचं आणि तलावाचं पाणी तीन तांब्यांत भरून त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी तिन्ही बिनचूक ओळखली. वर मलाच म्हणाले, "हा तिसरा तांब्या घासला नाई कोनं, साहेब. काल त्याच्यात ताक होतं." तांब्या मीच उचलून आणला होता, तेव्हा तो घासायलाही मीच बसलो.

त्या काळी चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. मी अमरावतीचा, नुकताच रेंजर झालेला. धानोऱ्याच्या बाजूला माझी नेमणूक झाली तेव्हा माझ्या क्वार्टरच्या भिंती उभ्या होत्या, पण छप्पर नव्हतं. ते चढेपर्यंत तलावाच्या काठच्या जंगलखात्याच्या बंगल्यात राहा, असा हुकूम होता. छप्पर चढायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षाबद्दल मी खात्याचा आजही ऋणी आहे, कारण बंगल्याचे खानसामा होते बटलरभाऊ.

ते जातीने ढिवर. चार कोसांवरच्या गावात त्यांचे भाऊबंद तलावात जाळी टाकत. हे मात्र ऐन तारुण्यात इंग्रज साहेबाच्या स्वयंपाकघरात शिरले आणि तिथेच पिकले. ठेंगणे, काळेसावळे आणि बसक्या रुंद नाकाचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. गार्डापासून बाजारातल्या बायांपर्यंत सगळे बटलरभाऊच म्हणत. त्या इंग्रजाकडून, म्हणजे त्यांच्या मोठ्या साहेबांकडून, उचललेल्या काही सवयी त्यांनी इतक्या घट्ट धरल्या होत्या की हसू यायचं. साहेबाच्या टेबलावर पोर्ट नावाची दारू नेहमी डाव्या हाताकडे फिरत असे म्हणे. बटलरभाऊंनी तोच नियम आमच्या वरणभाताला लावला. जेवायला दोन-चार जण असले की तुपाची वाटी डावीकडेच फिरायची. एकदा एका पाहुण्या रेंजरने ती उजवीकडे दिली. बटलरभाऊंनी ती अदबीने परत आणली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पोर्ट म्हणजे काय, हे मला कळलं ते आईमुळे. आमच्या घरात दारूचं नावही कुणी काढत नसे. पण मुलगा जंगलात गेला, अंगात रक्त राहणार नाही, म्हणून आईने वैद्याकडून द्राक्षासव आणून पाठवलं होतं. बटलरभाऊंनी परवानगी मागून बाटलीचं बूच काढलं, नाक लावलं आणि चेहरा असा उजळला की जणू नात्यातलं कुणी भेटलं.

"साहेब, हे तर आपल्या पोर्टची खेड्यातली बहीण दिसते."

"आपली पोर्ट? ती कोण?"

त्यांनी कंदील पेटवला आणि मला बंगल्याच्या जोत्याखाली नेलं. तिथे तलावाच्या अंगाला एक ठेंगणी कोठी होती, भर वैशाखातही गार. आत वाळूच्या थरावर एक काळी बाटली आडवी पडली होती. लेबल कसरीने खाल्लेलं. वरच्या बाजूला चार बोटं रुंद चुन्याचा फराटा. बंगल्याला चुना देताना उडाला असेल, असं मला वाटलं. मी हात पुढे केला तर बटलरभाऊंनी माझं मनगट धरलं. साहेबाचं मनगट धरण्याची त्यांची ती एकच वेळ.

"नका लावू. झोपली हाय थे."

मग पायरीवर बसून त्यांनी मला गोष्ट सांगितली. मोठे साहेब जंगलखात्याचे अधिकारी. याच बंगल्यावर त्यांचा महिनोन्‌महिने मुक्काम असे. त्यांना मुलगी झाली. त्यांच्यात अशी रीत की लेकरू जन्मलं त्या सालच्या द्राक्षांची पोर्ट घ्यायची, अंधारात निजवून ठेवायची आणि लेकरू एकविसाचं झालं की उघडायची. ही दारू पुरती आंबू देत नाहीत. "अर्ध्यावरच ब्रांडी टाकून थांबवते. म्हनून गोडी राह्यते अन् म्हातारी होईस्तोवर टिकते," असं त्यांनी समजावलं. बैलगाडीत तणसावर घालून बारा बाटल्या आल्या होत्या. दर नाताळात एक अशा अकरा बाटल्या साहेबांनी संपवल्या. बारावी त्या मुलीची, बेबीची.

बेबीने बटलरभाऊंच्या हातची पेज खाल्ली, याच तलावात ती पोहायला शिकली, आणि आईला कळू नये म्हणून "मले मासा पायजे" हे त्यांच्याच बोलीत मागायची. इंग्रज गेले तेव्हा तिला बारावं वर्ष चालू होतं. निघताना मोठे साहेब म्हणाले होते, "बटलर, बेबी एकवीस वर्षांची झाली की ही उघड. आम्ही आलो तर आमच्याबरोबर, नाही आलो तर आमच्या नावाने. आणि त्या दिवशी तू खुर्चीवर बसून स्वच्छ ग्लास घ्यायचा."

"स्वच्छ म्हणजे?" मी विचारलं.

"जुन्या पोर्टच्या बुडाशी गाळ बसते, साहेब. वरची नितळ थे साहेबलोकाची. बुडाची दोन बोटं बटलरची. मी अकराच्या अकरा बाटल्याहीचा गाळच पेलो. पन गाळात बी सगळं असते. हुडकाव लागते फक्त." मग डोळे मिटून त्यांनी ती चव मला सांगितली. आधी सुकलेला मनुका. मग सागाची जुनी पेटी उघडल्यावर येतो तसा वास. आणि सगळ्यात शेवटी, फार उशिरा, जांभूळ. आता मात्र त्यांना एकदाच ती नितळ प्यायची होती. एवढी एकच गोष्ट मी त्यांना स्वतःसाठी मागताना ऐकली.

माझी शिकवणी त्यानंतर सुरू झाली. जवळच्या गोंडांच्या गावात एका लग्नाला आम्हांला बोलावणं होतं. म्हाताऱ्या पाटलाने पानाच्या द्रोणात मोहाची दारू दिली. आपण परके वाटू नये म्हणून मी ती एका दमात रिचवली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकलो. सगळं लग्न हसलं. बटलरभाऊंनी आपल्या द्रोणातले चार थेंब आधी जमिनीवर सोडले, मग नाक लावलं, मग एकच घोट घेतला. परतताना म्हणाले, "तुमी त्याहीचा मोहा पेले नाई, साहेब. गिळला."

"आणि ते थेंब?"

"जे नाई आले त्याहीले. हे मी त्याहीच्यापासीच शिकलो."

मग रोज काही ना काही माझ्या नाकाखाली यायचं. दोन वेगळ्या फुलोऱ्यांचे मध, यंदाची आणि गेल्या सालची चारोळी, पाऊस लागलेला मोहा आणि न लागलेला. ओळखलं नाही की चहा उशिरा. "नाकाले पह्यले जाऊ द्या, साहेब. जीभ भल्ली उतावळी असते," हे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही बडबडलो असेन. उन्हाळ्यात त्या कोठीच्या दारावर ते दिवसातून तीनदा ओलं पोतं टाकत. माझ्या खिडकीला पोतं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुमी काई एकवीस साल टिकाचे नाई हाव, साहेब."

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी राज्यांची फेरमांडणी झाली आणि चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. आता तिकडची दारूबंदी इकडेही येणार, अशी बोलवा उठली. आमच्या वरिष्ठांनी बोलवा खरी ठरायची वाट न पाहता एक परिपत्रक काढलं: बंगल्यांतून दारू आढळल्यास पंधरा दिवसांत नष्ट करून कळवावे. मी ते स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. बटलरभाऊ भाजी चिरत होते. विळीवरचा हात थांबला. बेबीचा वाढदिवस नाताळच्या चार दिवस आधी, म्हणजे अजून महिना-सव्वा महिना होता.

"मग आधीच उघडू या का, भाऊ?"

"बेबी अजून वीसचीच हाय," ते म्हणाले आणि पुन्हा चिरू लागले. पण वांग्याच्या फोडी त्या दिवशी लहानमोठ्या झाल्या.

मला ते सहन होईना. मला आईचं द्राक्षासव आठवलं आणि मी वरच्या कचेरीला लिहिलं की बंगल्यात जुने औषधी द्राक्षासव, बाटली एक, आढळून आले आहे. त्यास सदर आदेश लागू होतो किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. माझी नोकरी नवी, अजून कायम न झालेली. पण खात्याला मी ओळखून होतो. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि तिथेच विसावला. सरकारी दिरंगाईला मी मनापासून नमस्कार केला तो तेव्हाच.

इथवर सगळं ठीक होतं. घाण केली ती मीच. डिसेंबरात वरिष्ठ वनाधिकारी दौऱ्यावर येणार असं कळलं. त्याच वेळी बटलरभाऊंच्या गावच्या तलावात मासेमारी होती. वर्षातून एकदा सगळं गाव मिळून जाळी टाकतं आणि घरटी वाटा मिळतो. ते दोन दिवसांसाठी गेले. मी मनात म्हटलं, साहेबांनी कोठी पाहिलीच तर बाटली औषधाची दिसायला हवी, अशी कळकट नको. मी तिला विहिरीवर नेली आणि राखेने घासली. तो चुन्याचा फराटा निघता निघत नव्हता, तो नारळाच्या शेंडीने खरवडून काढला. आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं म्हणून उलटीसुलटी करून पाहिली. मग लखलखीत बाटली फडताळात, आईच्या द्राक्षासवाशेजारी, ताठ उभी केली.

बटलरभाऊ परतले ते खांद्यावर ओलं जाळं आणि हातात माशांची टोपली घेऊन. मी मोठ्या ऐटीत त्यांना फडताळ दाखवलं. त्यांनी टोपली हळूच खाली ठेवली.

"साहेब... तिले काऊन उठवलं?"

मग कळलं. तो फराटा उडालेला चुना नव्हता. ती खूण होती. बाटली आडवी असते तेव्हा गाळ खालच्या अंगाला बसतो आणि वर्षानुवर्षं तिथे त्याची साय धरते. हलवायची वेळ आली तर चुन्याची बाजू वरच ठेवायची, म्हणजे साय मोडत नाही. बैलगाडीतून उतरल्यापासून ती बाजू कधी खाली गेली नव्हती. "पांढरं वर असलं का तिले वाटते, आपन हाललोच नाई," ते म्हणाले. त्यांनी बाटली दोन्ही हातांवर घेऊन वाळूवर निजवली. कोणती बाजू वर होती हे आता त्यांनाही सांगता येईना. त्यांनी कमरेची चंची सोडली, तंबाखूसाठी ठेवलेला चुना बोटावर घेतला आणि अंदाजाने नवी खूण ओढली. गाळ पुन्हा बसायला वाढदिवसापर्यंत बारा दिवस उरले होते.

वनाधिकारी आले, त्यांनी माझ्या पत्राची नक्कल वाचली, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "खुलासा येईपर्यंत असू द्या तुमचं द्राक्षासव." ते हसले नाहीत, पण मी आजवर पाहिलेल्या वरिष्ठांत तेच सर्वांत भले.

बेबीचा दिवस उजाडला. बटलरभाऊंनी साहेबाच्या वेळचा पांढरा कोट इस्त्री केला. दिवेलागणीच्या आधी तलावाकडे तोंड करून व्हरांड्यात तीन खुर्च्या मांडल्या: एक बेबीची, एक माझी, एक त्यांची. ओतायला मात्र ते एकटेच आतल्या खोलीत गेले. मेणबत्तीच्या उजेडात बाटलीची मान धरून ओतायची आणि गाळाचा पहिला धागा दिसला की थांबायचं, हे मला ठाऊक होतं. मेणबत्ती मी धरतो म्हटलं तर म्हणाले, "तुमी बाहेर बसा. ओतताना बोलनं चालत नाई." फार वेळ लागला. मग तबक आलं. त्यात दोन ग्लास होते आणि त्यांचा पितळी पेला.

"भाऊ, मोठ्या साहेबांनी ग्लास सांगितला होता."

"काच मले जमत नाई, साहेब. दाताले वाजते."

एक ग्लास त्यांनी बेबीच्या खुर्चीसमोर कठड्यावर ठेवला, एक मला दिला, आणि मग त्या बंगल्यात आयुष्यात पहिल्यांदा ते खुर्चीवर बसले. अगदी कडेला. ग्लासातला रंग जुन्या विटेसारखा होता आणि आरपार दिसत होता. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

"हं. नाक काय म्हनते?"

परीक्षा आहे असं समजून मी सावध झालो. "मनुका."

"मंग?"

"सागाची पेटी. तुम्ही म्हणाला होता तशीच."

"घाई नका करू. आता घोट घ्या. घशाखाली गेल्यावर बी थांबा."

मी थांबलो. तलावावरून पाणकोंबड्या ओरडत गेल्या. आणि खरंच, सगळं संपलं असं वाटल्यावर जिभेच्या मुळाशी जांभूळ आलं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. मग पुन्हा नाक लावलं आणि म्हणालो, "भाऊ, आणखी एक आहे. सगळ्यांच्या वर, अगदी पहिलं. सुकलेल्या बकुळीसारखं काहीतरी."

बटलरभाऊ एकदम पुढे वाकले. "फूल? फूल तर मले कधी..." आणि थांबले. "थे बी सांगा. सारं सांगा. किती वेळ राह्यते? गोड का तुरट?" मी सांगत गेलो, ते ऐकत गेले. मधूनमधून पेल्यातला घोट घेत आणि मान हलवत. "बढिया जमली," ते म्हणाले. दीड वर्षात मी पहिल्यांदाच परीक्षेत पास झालो, अशा तोऱ्यात मी झोपायला गेलो.

सकाळी लवकर जाग आली. एक दिवस तरी भाऊंना आराम द्यावा म्हणून भांडी विसळायला मीच विहिरीवर नेली. पितळी पेल्याच्या बुडाशी गाळ होता. थोडाथोडका नाही, दोन बोटं, नदीच्या मळीसारखा काळा. मी धावत आतल्या खोलीत गेलो. काचेची सुरई उरलेल्या दारूने भरलेली होती आणि ती सगळी गढूळ. बाटलीतून दोनच ग्लास नितळ निघाले होते. एक बेबीला दिला होता आणि एक मला. आणि काल ती परीक्षा नव्हती. ज्या चवीसाठी त्यांनी एवढी वर्षं पोती ओली केली, ती ते माझ्या तोंडून ऐकत होते.

बेबीचा ग्लास अजून कठड्यावर होता, पळसाच्या पानाने झाकलेला. बटलरभाऊ समोरून सरपण घेऊन आले. माझ्या हातातला पेला त्यांनी पाहिला.

"भाऊ, हा ग्लास घ्या. नितळ आहे." मी कठड्याकडे बोट केलं.

"थो बेबीचा हाय."

"बेबी इथे नाही."

"म्हनूनच तर."

"माझ्यामुळे झालं हे. मी खूण पुसली. निदान एक घोट घ्या, माझ्यासाठी."

त्यांनी सरपण खाली टाकलं, हात कोटाला पुसले आणि ते कठड्यापाशी आले. मग म्हणाले, "नाकानं घेतलं तर उष्टं होत नाई." पान बाजूला केलं, ग्लास दोन्ही हातांत धरला आणि ते रुंद बसकं नाक त्यावर वाकवलं. किती वेळ ते तसे उभे होते, सांगता येणार नाही. सरपणाची मोळी सुटून लाकडं पायरीवर घरंगळली तरी हलले नाहीत.

"हो," ते म्हणाले. "बकूळ हाय."

मग तलावाकाठच्या ज्या जांभळाला बेबीचा झोका असे, त्याच्या बुडाशी त्यांनी ग्लास हळूहळू रिकामा केला. "जे नाई आले त्याहीले," असं पुटपुटले आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

त्याच दुपारी त्यांनी माझ्याकडून बेबीला पत्र लिहवून घेतलं. त्यात सगळ्या चवी क्रमाने होत्या, फूल सगळ्यात आधी. मोठ्या साहेबांनी दिलेल्या जुन्या पत्त्यावर ते टाकलं. चैत्रात माझी बदली झाली तोवर उत्तर आलं नव्हतं. निघताना मी वाकून नमस्कार केला, तर ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "साहेब, पानी हुंगत जा." काही वर्षांनी एका गार्डाकडून ते गेल्याचं कळलं. त्यांनी दिलेलं नाक अजून माझ्याजवळ आहे. पाणी, भाकरी, पहिल्या फुलोऱ्याचा मध, जे काही मी चवीने घेतलं ते सगळं त्यांचं देणं.

मी सेवानिवृत्त झालो तेव्हा परदेशातल्या पुतण्याने मला जुनी पोर्ट आणून दिली. तिच्यावर चुन्याची खूण नव्हती. मी ती महिनाभर निजवली, मेणबत्ती लावून ओतली आणि पहिला नितळ ग्लास अंगणातल्या झाडाच्या बुडाशी ओतला. मग बाटलीच्या तळाचा गाळ पितळी पेल्यात घेतला. कडू, तुरट, दाताखाली कचकच. मी डोळे मिटून मनुका शोधला, सागाची पेटी शोधली, खूप वेळ थांबून जांभूळ शोधलं. मला काही सापडलं नाही. बटलरभाऊंनी ते सगळं एवढ्यातूनच ओळखलं होतं, आणि एकदाच नितळ ग्लास वाट्याला आला तेव्हा तो माझ्या हातात दिला होता.